आठ सत्रांचा आराखडा: पदवीचे विषय आणि क्रेडिट आधीच कसे आखायचे

महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून आणि संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून पदवीची नवी रचना लागू झाली. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या प्रवेश फॉर्मवर आता मेजर (मुख्य विषय), मायनर (दुसरा विषय), ओई (शाखेबाहेरचा निवडीचा विषय), व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी रांगच असते; बाकीच्या लघुरूपांचे अर्थ पुढे येतात. बहुतेक मुलं मेजर घरी बोलून, विचार करून ठरवतात. बाकीचे रकाने मात्र प्रवेशाच्या खिडकीपाशी उभ्या उभ्या, शेजारच्याचं बघून भरले जातात. हा लेख मुख्यतः त्या बाकीच्या रकान्यांबद्दल आहे. पहिल्या वर्षाचा निकाल मोठ्या प्रमाणावर त्यांच्यावर ठरतो आणि पदवीनंतरचे काही रस्ते त्यांच्यामुळेच खुले राहतात किंवा बंद होतात.

आधी कागद जमवा

आराखडा करण्याआधी चार गोष्टी हाताशी हव्यात. तुमच्या प्रवेशवर्षाला लागू असलेला विद्यापीठाचा क्रेडिटचा (विषयाला दिलेल्या तासांवरून ठरणाऱ्या वजनाचा) तक्ता, मेजरचा जेवढ्या सत्रांचा प्रसिद्ध झालाय तेवढा सिलॅबस, तुमच्या कॉलेजात प्रत्यक्ष शिकवल्या जाणाऱ्या मायनर आणि ओईची यादी, आणि परीक्षेचे नियम, म्हणजे उत्तीर्ण होण्याची अट, एटीकेटी (राहिलेले पेपर घेऊन पुढे जाण्याची सवलत), पुढच्या वर्षात जाण्याची अट. पहिल्या दोन गोष्टी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतात, तिसरी कॉलेजातच, आणि चौथीसाठी परीक्षा विभागाची परिपत्रकं शोधावी लागतात.

यातला ‘प्रवेशवर्षाला लागू असलेला’ हा भाग हलक्यात घेऊ नका. राज्य सरकारचा मूळ निर्णय 20 एप्रिल 2023 चा, आणि 13 मार्च 2024 ला त्यात सुधारणा झाली. त्यामुळे एकाच विद्यापीठात लागोपाठच्या दोन तुकड्यांचे पॅटर्न वेगळे असू शकतात. मूळ रचनेत मेजर पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. आता काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने शिकवतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर, एक मायनर होतो, तिसरा सुटतो. म्हणून एसवायच्या ताईने दिलेली विषयांची यादी तुमच्या उपयोगाची असेलच असं नाही. तिच्याकडून प्राध्यापकांबद्दल, प्रयोगशाळेबद्दल, कुठला पेपर जड जातो याबद्दल जरूर विचारा, पण क्रेडिटचे आकडे स्वतःच्या पॅटर्नच्या कागदावरूनच घ्या.

मग एक मोठा कागद आडवा घ्या. वर आठ सत्रांचे आठ रकाने, डावीकडे वर लिहिलेले प्रकार. प्रत्येक चौकोनात पेपरचं नाव, क्रेडिट आणि गुणांची विभागणी पेन्सिलने लिहायची. चौथं वर्ष करायचं नसलं तरी रकाने आठच आखा, कारण तो निर्णय पाचव्या सत्रात घ्यायचा असतो; त्याबद्दल शेवटी येईल. उभी बेरीज सत्राचे क्रेडिट दाखवते, आडवी बेरीज त्या प्रकाराचे. उभी बेरीज 20 ते 22 च्या बाहेर गेली तर कुठेतरी चूक झाली आहे किंवा एखादा पेपर राहिला आहे.

पदवीनंतरच्या अटींपासून मागे या

आराखडा पहिल्या सत्रापासून पुढे भरत गेलात तर तो कॉलेजच्या सोयीचा होतो. पदवीनंतर काय, याच्या दोन-तीन शक्यता लिहा. पक्कं ठरलेलं नसतंच, चालेल. प्रत्येक शक्यतेची प्रवेशपुस्तिका काढा आणि पात्रतेचं पान वाचा. तिथे ‘पदवी’ एवढंच लिहिलंय, की अमुक विषय इतकी सत्रं शिकलेला असावा असं लिहिलंय, हे बघायचं.

अर्थशास्त्र मेजर घेणाऱ्या मुलांचं उदाहरण घ्या. पदव्युत्तर अर्थशास्त्र हे बरंचसं गणितावर आणि संख्याशास्त्रावर चालतं. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत एमएस्सीला प्रवेश घ्यायचा तर बारावीला किंवा त्यापुढे गणित शिकलेलं असावं लागतं. अकरावीला कला शाखा घेऊन गणित सोडलेल्या मुलाला हे टीवायला कळलं तर हातात काहीच उरत नाही. एफवायला कळलं तर गणित किंवा संख्याशास्त्राचा मायनर मिळतो का, निदान ओईत काही मिळतं का, हे बघता येतं. काही कॉलेजं बारावीला गणित नसेल तर गणिताचा मायनर देत नाहीत, म्हणून हा प्रश्न प्रवेशाच्या आधीच विचारायचा.

विज्ञान शाखेतही तेच. आयआयटींमधल्या एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा द्यावी लागते, पण जॅममध्ये चांगले गुण मिळाले म्हणजे प्रवेश मिळालाच असं नसतं. प्रत्येक आयआयटीची प्रत्येक विषयासाठी वेगळी पात्रता असते. भौतिकशास्त्रासाठी पदवीला गणित असण्याची, रसायनशास्त्रासाठी काही ठिकाणी निदान बारावीपर्यंत गणित असण्याची अट असते. भौतिकशास्त्राला मायनर म्हणून गणित घेणं म्हणूनच सगळ्यात सुरक्षित. इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण गणिताची सत्रं दुसऱ्या कुठल्या रकान्यात बसतात ते आधी बघा.

शिक्षक व्हायचं असेल तर बीएडला खुल्या वर्गासाठी पदवीला 50 टक्के लागतात, आणि अध्यापनाचे विषय पदवीच्या विषयांशी जोडलेले असतात. मराठी मेजरबरोबर इतिहास, भूगोल, हिंदी, इंग्रजी यांपैकी मायनर असेल तर दोन शालेय विषय हातात राहतात. मराठी आणि मानसशास्त्र ही जोडी वाचायला फार सुंदर आहे, पण मानसशास्त्र सहावी ते दहावीच्या वेळापत्रकात नसतं.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, एकूण 500 गुणांचे आहेत. यूपीएससीलाही वैकल्पिक विषयाला 500 च. मेजर किंवा मायनर त्या यादीतला असेल तर तीन वर्षांचा अभ्यास तिथे कामी येतो. पण केवळ त्यासाठी नावडता मेजर घेऊ नये. नावडता विषय सहा सत्रं ओढून नेताना पदवीचेच गुण घसरतात.

क्रेडिट म्हणजे तास

लेखी विषयाचा 1 क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास वर्ग, प्रात्यक्षिकाचा 1 क्रेडिट म्हणजे 30 तास प्रयोगशाळा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार 1 क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे एकूण 30 तास धरलेले आहेत. म्हणजे लेखी विषयात वर्गाबाहेरचे 15 तास तुमचे तुम्ही घालायचे आहेत.

22 क्रेडिटच्या सत्रात समजा 14 लेखी आणि 8 प्रात्यक्षिकाचे आहेत. 15 आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला वर्ग 14 तास, प्रयोगशाळा 16 तास, घरचा अभ्यास 14 तास, एकूण 44. रोज एसटीने दोन तास ये-जा करणाऱ्या किंवा संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्या विद्यार्थ्याने हे गणित आधीच मांडावं. विज्ञान शाखेत सोमवार ते शनिवार रोज सात तासांहून जास्त यात जातात. त्यात वेगळा क्लास किंवा दुसरी पदवी बसते की नाही हे मग आपोआप दिसतं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे: दोन्ही प्रत्यक्ष, वेळा एकमेकांवर न येता, किंवा एक प्रत्यक्ष आणि दुसरी दूरस्थ अथवा ऑनलाइन. कला शाखेच्या विद्यार्थ्याला नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा एखादा अभ्यासक्रम जोडीला जमू शकतो. प्रात्यक्षिकं असलेल्या बीएस्सीबरोबर ते करू नये, असं आमचं स्पष्ट मत.

छोट्या पेपरांचं मोठं वजन

2023 च्या मूळ रचनेतलं पहिलं सत्र बघा. मेजरला 6 क्रेडिट. ओईला 4. व्हीएससी म्हणजे मेजरशी जोडलेल्या व्यावसायिक कौशल्याला 2, एसईसी म्हणजे सर्वसाधारण कौशल्याला 2. एईसी म्हणजे भाषेला 2, व्हीईसी म्हणजे पर्यावरण, संविधान अशा मूल्यशिक्षणाला 2, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणालीला 2. सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग किंवा सांस्कृतिक उपक्रमांना 2. बेरीज 22, त्यातले 16 मेजरच्या बाहेरचे.

आता एसजीपीए, म्हणजे एका सत्राची ग्रेड सरासरी, काढा. प्रत्येक पेपरचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. ग्रेड पॉइंट साधारण असे: ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी 4, नापास 0. एका विद्यार्थिनीने मेजरमध्ये 9 मिळवले, पण ‘हे दोन-दोन क्रेडिटचे, आदल्या रात्री वाचू’ म्हणून बाकीच्यांत सरासरी 6 वर राहिली. 6 गुणिले 9 म्हणजे 54, 16 गुणिले 6 म्हणजे 96, एकूण 150, भागिले 22, एसजीपीए 6.82. दुसरीने मेजरमध्ये 7 आणि बाकीच्यांत 8 मिळवले: 42 अधिक 128, एकूण 170, एसजीपीए 7.73. मेजरमध्ये दोन पायऱ्या खाली असूनही ती जवळजवळ एका पॉइंटने पुढे आहे. चौथ्या वर्षाच्या संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा 7.5 सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी) लागतो, हे कळलं की या फरकाची किंमत लक्षात येते.

छोट्या पेपरांत गुण जातात ते अवघड असतात म्हणून नाही. अंतर्गत काम वेळेवर जमा होत नाही म्हणून जातात. अनेक विद्यापीठांत 1 क्रेडिटला 25 गुण, म्हणजे 2 क्रेडिटचा पेपर 50 चाच, आणि बऱ्याच ठिकाणी अंतर्गत आणि लेखी दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. एक असाइनमेंट राहिली तर लेखीत कितीही मिळवा, पेपर अडकतो. पुढच्या सत्रात तो विषय वेळापत्रकात नसतो, शिकवणारे तासिका तत्त्वावरचे असतील तर भेटतीलच याची खात्री नसते, आणि एक 2 क्रेडिटचा पेपर तिसऱ्या वर्षापर्यंत मागे लागतो. म्हणून प्रत्येक चौकोनात अंतर्गत कामाची अंतिम तारीख लिहायची जागा ठेवा.

सीसीसाठी एनएसएस घेतलंत तर वर्षाला 120 तास आणि 7 दिवसांचं शिबिर धरून चला. शिबिर कुठल्या आठवड्यात आहे ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारा. प्रात्यक्षिकाची किंवा अंतर्गत चाचणी त्याच आठवड्यात आली तर पुनर्चाचणीचा अर्ज शिबिराला जाण्याआधी द्यायचा असतो.

मायनर आणि ओई निवडताना

मायनर म्हणजे 18 ते 20 क्रेडिटचा दुसरा विषय. तो पायरीपायरीने वर चढतो, त्यामुळे मध्येच बदलला तर आधीचे क्रेडिट त्या विषयाच्या बेरजेत धरले जात नाहीत. बदल करायचाच असेल तर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, आणि तोही जागा शिल्लक असतील तरच. निवडण्याआधी विभागात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात. हा मायनर सहाव्या सत्रापर्यंत चालणार आहे का? किमान किती विद्यार्थी नसतील तर तो बंद होतो? यादीत दहा मायनर असतात, प्रत्यक्षात चार चालतात, आणि बंद पडलेल्या मायनरमधली मुलं उरलेल्या जागांवर ढकलली जातात. कागदावरच्या आकर्षक नावापेक्षा कायम प्राध्यापक असलेला विषय घ्या.

ओईचे 10 ते 12 क्रेडिट. हा विषय मेजरच्या शाखेबाहेरचा हवा. बीकॉमवाल्याने वाणिज्यातलाच ओई भरला तर फॉर्म परत येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे परत येत नाही आणि चूक तिसऱ्या वर्षी क्रेडिटच्या पडताळणीत सापडते. सत्रागणिक वेगवेगळे ओई घेण्यापेक्षा एकाच दिशेचे घेतलेले बरे. मराठी साहित्याच्या विद्यार्थिनीने संगणक, मग माहितीचं विश्लेषण, मग डिजिटल प्रकाशन असे घेतले तर पदवीच्या शेवटी सांगण्यासारखं काहीतरी हातात येतं.

भाषेच्या एईसीचे 8 क्रेडिट असतात, मूळ रचनेत 4 इंग्रजीचे आणि 4 मराठी किंवा अन्य आधुनिक भारतीय भाषेचे. इथे फारसा निर्णय नाही. बारावीला जी भाषा चांगली होती तीच घ्या आणि गुण मिळवा.

स्वयम् वापरताना

कॉलेजात नसलेला विषय स्वयम् या सरकारी मंचावरून शिकता येतो आणि एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घ्यायला यूजीसीची मुभा आहे. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली परवानगीची. तो अभ्यासक्रम कुठल्या पेपरच्या बदल्यात धरला जाणार, हे विभागप्रमुखांच्या सहीनिशी सत्र सुरू होतानाच लेखी घ्या, नंतर नुसतं प्रमाणपत्र घेऊन गेलात तर क्रेडिट मिळत नाहीत.

दुसरी आकड्यांची. या मंचावर आयआयटींचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या एनपीटीईएलचा 4 आठवड्यांचा अभ्यासक्रम 1 क्रेडिटचा, 8 आठवड्यांचा 2 चा, 12 आठवड्यांचा 3 चा. आपल्याकडे पेपर बहुधा 2 किंवा 4 क्रेडिटचे. 3 क्रेडिटचा अभ्यासक्रम 4 च्या जागी बसत नाही आणि 2 च्या जागी बसवला तर एका क्रेडिटचे श्रम वाया जातात. म्हणून 8 आठवड्यांचे शोधा. शिकणं मोफत असतं, केंद्रावरच्या परीक्षेला साधारण 1000 रुपये फी आहे, आणि परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिची मुदत अभ्यासक्रम सुरू झाल्यावर लवकरच संपते. एनपीटीईएलमध्ये 25 गुण असाइनमेंटचे, 75 परीक्षेचे, आणि उत्तीर्ण व्हायला असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30 दोन्ही लागतात. शेवटच्या सत्रात हा मार्ग वापरू नका. निकाल उशिरा आला तर गुणपत्रिका अडकते आणि पुढचा प्रवेश हातचा जातो.

ओजेटी: चार क्रेडिट, 120 तास

प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण म्हणजे ओजेटी, 4 क्रेडिटचं, तिसऱ्या वर्षी. क्रेडिटला 30 तास धरले तर 120 तास, म्हणजे रोज 6 तास काम करून 20 दिवस. ही जागा सत्र सुरू झाल्यावर शोधू नका, पाचव्या सत्रातच बोलून ठेवा. तालुक्याच्या गावीही ठिकाणं असतात: पतसंस्था, जिल्हा बँकेची शाखा, दूध संघाची प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्र, सीएचं कार्यालय, नगरपालिका, स्थानिक वृत्तपत्र. कॉलेजचं शिफारसपत्र आधी घ्या. रोजच्या कामाची नोंदवही ठेवा, तिच्यावर आठवड्याच्या आठवड्याला सही घ्या, एकदम शेवटी सगळ्या सह्या मागितल्या की साहेब बदलून गेलेले असतात. प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर हवं आणि त्यात पासून-पर्यंतच्या तारखा आणि एकूण तास स्पष्ट हवेत. ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढ्यावर क्रेडिट मिळत नाहीत.

नाव जुळतंय का बघा

क्रेडिट जमा होतात ते अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, डिजीलॉकरवरून काढलेल्या 12 अंकी क्रमांकावर. गोंधळ होतो तो नावात. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळं. आधारवर बहुधा नाव, वडिलांचं नाव, आडनाव. काहींच्या आधारवर वडिलांचं नावच नसतं, काहींची जन्मतारीख वेगळी. नोंद जुळली नाही की क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. प्रवेश घेतानाच आधार दुरुस्त करून घ्या आणि प्रत्येक निकालानंतर महिनाभरात खातं उघडून क्रेडिट आले का बघा. आले नसतील तर पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक) आणि गुणपत्रिकेची प्रत जोडून परीक्षा विभागाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

या खात्यातले क्रेडिट 7 वर्षांपर्यंत चालतात. पहिल्या वर्षानंतर 40 ते 44 क्रेडिट आणि जादा 4 क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनी 80 ते 88 क्रेडिटवर तशीच अट पूर्ण करून पदविका, तीन वर्षांनी 120 ते 132 वर पदवी. मधेच थांबलेल्याला 3 वर्षांच्या आत परतावं लागतं. घरची अडचण आली तर कॉलेज नुसतं सोडून देऊ नका. त्या 4 क्रेडिटसह रीतसर बाहेर पडा, परतण्याचा रस्ता राहतो.

चौथ्या वर्षाचा निर्णय पाचव्या सत्रात

तीन वर्षांनी थांबलात तर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचं, चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक वर्षाचं. वर्षं सारखीच, फरक ठिकाणाचा आहे. तीन वर्षांनंतर बाहेर पडलात तर दोन वर्षं चांगल्या विद्यापीठात किंवा आयआयटीत काढता येतात. छोट्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला आम्ही हाच मार्ग आधी सुचवतो. संशोधनाची ओढ असेल आणि विभाग सक्षम असेल तर चौथं वर्ष घ्या. त्यात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो, आणि 75 टक्क्यांसह ही पदवी पूर्ण केली तर पीएचडीचा रस्ताही थेट खुला होतो. विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक असावेत, अशी यूजीसीची अपेक्षा आहे. जागा किती आणि मार्गदर्शक कोण, हे कॉलेजला पाचव्या सत्रातच विचारा, कारण दुसरा मार्ग धरायचा असेल तर जॅमचे फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते.

त्याच वेळी आपला आकडाही काढा. चार सत्रांच्या 88 क्रेडिटवर सीजीपीए 7.2 असेल तर जमा झालेले पॉइंट 633.6. सहा सत्रांअखेर 132 क्रेडिटवर 7.5 हवा म्हणजे 990. उरले 356.4, भागिले 44 क्रेडिट, म्हणजे पुढच्या दोन्ही सत्रांत सरासरी 8.1 लागेल. 8.1 आवाक्यातला आहे. पण चार सत्रांअखेर सीजीपीए 6.5 असेल तर हीच आकडेमोड 9.5 सांगते, आणि मग जॅम, सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) किंवा बीएडची सीईटी यांच्या तयारीला पाचव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यापासूनच लागावं.